वजन कमी करायचं इंजेक्शन: मळमळ कुठवर सहन करायची आणि हॉस्पिटल कधी गाठायचं

मेडिकलच्या काउंटरवर सध्या रोज कोणीतरी येतं आणि आवाज जरा खाली करून विचारतं, ते वजनाचं इंजेक्शन आहे का, केवढ्याला आहे. साइड इफेक्ट काय असतात हे त्या वेळी सहसा कोणी विचारत नाही. ते विचारायला फोन येतो दोन-तीन आठवड्यांनी, "सारखं मळमळतंय हो, बंद करू का?" मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे डोस किती घ्यायचा हे माझ्याकडून ऐकू नका, पण औषध शरीरात काय करतं, कुठला त्रास घरच्या घरी आवरता येतो आणि कुठल्या त्रासाला रिक्षा बोलवायची, एवढं नीट सांगता येईल.

आधी बाजारात काय चाललंय ते थोडक्यात. टिर्झेपाटाइड म्हणजे मौंजारो भारतात मार्च २०२५ मध्ये आलं, सेमाग्लुटाइडचं वेगोवी त्याच वर्षी जूनमध्ये, आणि सेमाग्लुटाइडचंच ओझेम्पिक डिसेंबरमध्ये. मग मार्च २०२६ मध्ये सेमाग्लुटाइडच्या पेटंटची मुदत संपली आणि देशी कंपन्यांना रान मोकळं झालं. स्वस्त झालं ही चांगलीच गोष्ट आहे, ज्याला डायबेटीस आहे, गुडघे गेलेत, रात्री घोरताना श्वास अडकतो अशा माणसाला याचा खरंच फायदा होतो. पण स्वस्त झालं की ते जिमच्या ट्रेनरकडून, पार्लरमधून, व्हॉट्सॲपवरून पण मिळायला लागतं, आणि खरी भीती तिथे आहे.

आता हे काम कसं करतं. आपण जेवलो की आतड्यातून जीएलपी-१ नावाचं हार्मोन सुटतं, ते मेंदूला सांगतं पोट भरलं, स्वादुपिंडाला सांगतं इन्सुलिन सोड, आणि जठराला सांगतं जरा दमाने पुढे ढकल. शरीराचं स्वतःचं जीएलपी-१ दोनेक मिनिटांत निम्मं संपतं. सेमाग्लुटाइड हे त्याचंच असं रूप आहे की ते निम्मं व्हायला साधारण आठवडा लागतो, टिर्झेपाटाइडला सुमारे पाच दिवस (ते जीएलपी-१ सोबत जीआयपी नावाच्या दुसऱ्या हार्मोनचंही काम करतं). म्हणून तर आठवड्यातून एकदाच टोचायचं. पण याचीच दुसरी बाजू अशी की एकदा जास्त गेलं की ते परत काढता येत नाही. गोळी चुकून दोन घेतली तर त्रास रात्रभराचा, इथे डोस चुकला तर उलट्या दिवसेंदिवस चालू राहू शकतात, आणि बंद केल्यावरही सेमाग्लुटाइड पूर्ण निघून जायला पाचेक आठवडे जातात. पुढचं जवळजवळ सगळं या एका गोष्टीतून येतं, म्हणून ती लक्षात ठेवा.

मळमळ का होते? टोलनाक्यावर दहापैकी एकच खिडकी चालू असेल तर मागे कशी रांग लागते, तसं जठरातून अन्न पुढे सरकणं मंद होतं आणि आपण नेहमीच्या सवयीने वरून भर घालत राहतो. सेमाग्लुटाइडची जी मोठी चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली, स्टेप-१, त्यात १,९६१ लोक होते आणि ६८ आठवड्यांत औषध घेणाऱ्यांचं वजन सरासरी १४.९ टक्के उतरलं. त्याच चाचणीत औषध घेणाऱ्यांपैकी ४४ टक्के लोकांना कधी ना कधी मळमळ झाली, ३१ टक्क्यांना जुलाब, २५ टक्क्यांना उलट्या, २३ टक्क्यांना बद्धकोष्ठता. आकडे मोठे वाटतात, पण नुसतं खोटं इंजेक्शन घेणाऱ्यांमध्येही १७ टक्क्यांना मळमळ झाली होती, आणि पोटाच्या त्रासामुळे औषध सोडून देणारे होते साडेचार टक्के. म्हणजे त्रास बऱ्याच जणांना होतो, पण बहुतेकांचा निभतो. आणि तो सगळ्यात जास्त होतो डोस वाढवला की पुढचे काही दिवस.

म्हणून डोसची शिडी. वेगोवीची शिडी ०.२५ मिलीग्रामपासून सुरू होते, मग ०.५, १, १.७ आणि शेवटी २.४, प्रत्येक पायरीवर साधारण चार आठवडे. म्हणजे पूर्ण डोसवर पोचायलाच सोळा आठवडे जातात. मौंजारोत २.५ वरून ५, मग तसंच वर वर १५ पर्यंत. पहिला डोस वजन उतरवण्यासाठी नसतोच, तो पोटाला सवय लागावी म्हणून असतो, हे लोकांना कोणी सांगत नाही आणि मग "महिना झाला काहीच फरक नाही" म्हणून परस्पर दुप्पट घेतात. लग्नसराईच्या आधी तर हे फारच चालतं, मुहूर्ताला दोन महिने उरलेत, शालू बसला पाहिजे, मग पायऱ्या गाळायच्या. अहो, मांडवात ओकाऱ्या काढत उभं राहायचंय का? उलट दर महिन्याला डोस वाढवलाच पाहिजे असाही नियम नाही, ज्या डोसवर वजन उतरतंय आणि पोट शांत आहे तिथेच डॉक्टर थांबवू शकतात, किंवा त्रास होत असेल तर एक पायरी खाली आणतात. हे त्यांना विचारायचं, न सांगता बंद करायचं नाही आणि न सांगता वाढवायचं तर अजिबातच नाही.

खाण्याचं म्हणाल तर नियम साधा आहे पण आपल्या सवयींच्या उलटा आहे. ताट थोडं, घास हळू, आणि भूक भागली असं वाटायच्या एक घास आधी हात धुवायचा. "अजून एक पोळी घे" म्हणणाऱ्या आईला, सासूबाईंना आधीच सांगून ठेवा. तेलकट-तुपकट पदार्थ जठरातून मुळातच हळू सरकतात, त्यात हे औषध, त्यामुळे मिसळीचा तर्रीदार कट, बटाटेवडे, मटणाचा तांबडा रस्सा यांनी जो त्रास होतो तो मऊ भात-वरण, मुगाची खिचडी, ताक, इडली, दही-भात यांनी होत नाही. जेवल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर जळजळ आणि आंबट पाणी वर येणारच. अजून एक बारीक गोष्ट, पण तिचा खूप उपयोग होतो: इंजेक्शन घेतल्यावर पहिल्या एक ते तीन दिवसांत रक्तातलं औषध सगळ्यात जास्त असतं, म्हणजे तुमच्या घरी रविवारी मटण शिजतं आणि तुम्ही शनिवारी रात्री टोचून घेता तर तुम्हीच संकट ओढवून घेताय. वार कुठला निवडायचा हे तुमच्या हातात असतं, निवांत खाण्याचे दिवस बघून निवडा.

सडक्या अंड्यासारखे वास येणारे ढेकर, ही तक्रार लोक लाजत लाजत सांगतात. ते घातक नाही, अन्न जास्त वेळ रेंगाळल्याने होतं, कमी आणि साधं खाल्लं की बहुतेकदा थांबतं, सोड्याच्या बाटल्या रिचवून मात्र पोट अजून फुगतं. बद्धकोष्ठतेत लोक पहिला डबा उघडतात इसबगोलचा, चालेल, पण इसबगोल कमी पाण्यात घेतलं तर मंद आतड्यात त्याचाच गोळा बसतो, त्यामुळे मोठा ग्लासभर पाणी हवंच. आणि उलटीची जी गोळी घरोघरी असते, ऑनडॅनसेट्रॉन, ती स्वतःच पोट कडक करते, एखाद-दुसरी ठीक, रोज घेत राहिलात तर मळमळ जाईल आणि चार दिवस संडासला होणार नाही.

पाण्याबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण याला कोणी गंभीरपणे घेत नाही. या औषधावर भूक कमी होते तशी कित्येकांना तहानही कमी लागते. त्यात उलट्या-जुलाब झाले, त्यात विदर्भातला मे महिना, आणि माणूस बीपीची लघवी वाढवणारी गोळी घेत असेल किंवा डायबेटीसची डापाग्लिफ्लोझिन, जी आपल्याकडे आता सर्रास चालू असते, तर शरीरातलं पाणी झपाट्याने कमी होतं आणि किडनीला झटका बसू शकतो. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या चालू असताना खाणं एकदम बंद पडलं तर साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात कीटोन साचून माणूस अत्यवस्थ होऊ शकतो. त्यामुळे लघवी कमी आणि गडद पिवळी होतेय, उभं राहिलं की गरगरतंय, दिवसभर पाणीसुद्धा पोटात टिकत नाहीये, असं असेल तर थांबायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरला दाखवायचं. त्याआधी घरी काय, तर ओआरएस, घोट घोट, एकदम ग्लासभर नाही. वजन उतरलं की बीपीही उतरतं, जुना डोस तसाच चालू राहिला तर चक्कर येते, ती "अशक्तपणा" समजून टॉनिक मागायला येतात लोक. बीपी मोजा.

आता तो भाग, जो वाचून हा लेख घरातल्यांना पाठवा.

पोटाच्या वरच्या भागात जोरात दुखतंय, कळ पाठीपर्यंत जातेय, तासन्‌तास थांबत नाहीये, सोबत उलट्या, असं झालं तर ते पॅन्क्रिएटायटिस म्हणजे स्वादुपिंडाची सूज असू शकते. क्वचित होतं, पण होतं तेव्हा जिवावर बेतू शकतं. आपल्याकडे असं दुखलं की पहिलं निदान घरातच होतं, पित्त झालंय, आणि मग आलं-लिंबू, सोडा, पॅन-४०, रात्र अशीच जाते. या इंजेक्शनवर असलेल्या माणसाने ही रात्र घालवायची नाही, सरळ हॉस्पिटल, तिथे सांगायचं की मी हे इंजेक्शन घेतो, ते रक्तातलं लायपेज (स्वादुपिंडातून येणारं एक एन्झाइम) तपासतील. पुढचा डोस अर्थातच घ्यायचा नाही. (आणि हो, छातीच्या खाली दुखणं हार्टचंही असू शकतं, म्हणून तर घरी बसून ठरवू नका.) दुसरं, उजव्या बरगडीखाली दुखणं, ताप-थंडी, डोळे पिवळे, ही पित्ताशयाच्या खड्याची लक्षणं. कुठल्याही मार्गाने वजन भराभर उतरलं की खडे होण्याची शक्यता वाढते, स्टेप-१ मध्ये पित्ताशयाचे त्रास औषध घेणाऱ्या २.६ टक्के लोकांना झाले, न घेणाऱ्या १.२ टक्क्यांना. ज्यांना आधीच खडे आहेत किंवा पूर्वी पॅन्क्रिएटायटिस होऊन गेलाय त्यांनी हे पहिल्याच भेटीत बोलायचं, नंतर नाही.

साखर उतरणं हा तिसरा धोका, आणि तो प्रामुख्याने डायबेटीसवाल्यांचा. हे औषध एकटं असेल तर साखर फारशी खाली जात नाही, कारण ते साखर वाढली तरच इन्सुलिन सोडायला लावतं. पण सोबत ग्लिमेपिराइड (साखर उतरवणारी गोळी) किंवा इन्सुलिन असेल तर गणित बदलतं, ती औषधं साखर कितीही असली तरी काम करतच राहतात आणि इकडे माणसाचं खाणं निम्म्यावर आलेलं. म्हणून इंजेक्शन सुरू करताना डॉक्टर बहुतेकदा ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिनचा डोस कमी करतात, त्यांनी केला नाही तर तुम्ही विचारा. दरदरून घाम, थरथर, धडधड, चिडचिड, डोळ्यांपुढे अंधारी, ग्लुकोमीटरवर ७० च्या खाली, अशा वेळी तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात, पंधरा मिनिटांनी परत तपासायचं. लाडू-पेढा देऊ नका, तुपातली गोष्ट मंद पोटातून पोचेपर्यंत उशीर होतो. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, ॲम्ब्युलन्स.

यातच उपास येतात. एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्रातले नऊ दिवस, रमझानचे रोजे. भूक लागतच नाही म्हणून या औषधावर उपास फार सोपा जातो आणि तिथेच फसायला होतं, दिवसभर पाणीसुद्धा पोटात नाही आणि संध्याकाळी एकदम तुपात परतलेली, दाण्याच्या कुटाची साबुदाणा खिचडी ताटभर. मळमळणार नाहीतर काय. उपास करायचाच असेल तर आठवडाभर आधी डॉक्टरशी बोला, गोळ्यांच्या वेळा बदलाव्या लागतात, आणि खिचडीऐवजी दही, ताक, राजगिरा, भगर, फळं असं थोडं थोडं घ्या. निर्जळी मात्र नकोच, देवाला काही वाटत नाही त्याचं.

डोळ्यांबद्दल कमी बोललं जातं. ज्यांना डायबेटीसमुळे पडद्याचा आजार आहे त्यांची साखर एकदम भराभर खाली आली की तो तात्पुरता बळावू शकतो, सेमाग्लुटाइडच्या एका जुन्या मोठ्या चाचणीत पडद्याच्या गुंतागुंती ३ टक्क्यांना झाल्या, न घेणाऱ्यांमध्ये १.८ टक्के. म्हणून सुरू करायच्या आधी एकदा पडदा तपासून घ्यावा. शिवाय डोळ्याच्या नसेचा रक्तपुरवठा अचानक बंद पडून दृष्टी जाणं, हा सेमाग्लुटाइडचा अतिशय दुर्मीळ साइड इफेक्ट असल्याचं युरोपच्या औषध नियामकाने जून २०२५ मध्ये म्हटलं, प्रमाण दहा हजारात एकापर्यंत. दुर्मीळच आहे, पण एका डोळ्याने अचानक दिसायचं कमी झालं तर चष्म्याच्या दुकानात नाही, नेत्रतज्ज्ञाकडे, त्याच दिवशी.

थायरॉईडवरून खूप गोंधळ आहे. बायका येतात, थायरॉईडची गोळी चालू आहे, मग चालेल का? साधा हायपोथायरॉईड असेल तर त्यामुळे अडत नाही. मनाई आहे ती मेड्युलरी थायरॉईड कॅन्सर नावाच्या एका विशिष्ट कॅन्सरसाठी, स्वतःला किंवा घराण्यात कोणाला झाला असेल तर, आणि मेन-२ नावाच्या आनुवंशिक आजारात. उंदरांमध्ये या पेशींच्या गाठी दिसल्या होत्या, माणसांत तसं सिद्ध झालेलं नाही, पण सावधगिरी म्हणून इशारा छापलेला असतो. फक्त एवढं की वजन बरंच उतरलं की थायरॉईडच्या गोळीचा डोस परत बघावा लागतो. आणि ज्यांचं सेमाग्लुटाइड गोळीच्या रूपात आहे, रायबेल्सस, ती सकाळी उपाशीपोटी, जास्तीत जास्त अर्धा कप साध्या पाण्यासोबत आणि नंतर किमान अर्धा तास काही नाही, चहासुद्धा नाही. सकाळच्या चहावाचून ज्यांचं चालत नाही त्यांनी गजर अर्धा तास आधीचा लावा, चहासोबत घेतलेली ती महागडी गोळी बरीचशी वायाच जाते.

मुलींनी पुढचं नीट वाचा. पीसीओएसमुळे पाळी अनियमित असलेल्यांचं वजन उतरलं की बीजांड सुटायला लागतं आणि "मला कुठे दिवस राहणार" असं धरून चाललेल्यांना राहतात. गर्भारपणात हे औषध चालत नाही. सेमाग्लुटाइड मूल हवं असेल त्याच्या किमान दोन महिने आधी बंद करायचं, टिर्झेपाटाइड किमान एक महिना आधी. शिवाय टिर्झेपाटाइड चालू असेल तर गर्भनिरोधक गोळीवर एकटीवर विसंबू नका, पोट मंद झाल्याने ती कमी शोषली जाते, सुरू केल्यावर चार आठवडे आणि प्रत्येक वेळी डोस वाढवल्यावर पुन्हा चार आठवडे कंडोमसारखं दुसरं साधन हवं.

ऑपरेशन किंवा एंडोस्कोपी ठरली असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे इंजेक्शन चालू असल्याचं सांगायलाच हवं, तुम्ही रात्रीपासून उपाशी असलात तरी पोटात अन्न शिल्लक असू शकतं आणि भुलीत ते फुप्फुसात जाऊ शकतं. बरेच जण चोरून घेतात, नवऱ्यालाही माहीत नसतं, मग डॉक्टरांना तरी कुठून कळणार.

आता सिरिंज. हा माझा विषय, म्हणून इथे जरा थांबतो. पेन असेल तर सोपं, चकती फिरवायची, आकडा बघायचा, टोचून मनात मोजत धरून ठेवायचं. व्हायल म्हणजे औषधाची छोटी बाटली असेल तर तीन वेगवेगळी मापं डोक्यात घोळतात, मिलीग्राम, मिलीलीटर आणि सिरिंजवरच्या रेषा, आणि या तिन्ही एक नव्हेत. मौंजारोच्या व्हायलमध्ये अर्धा मिली द्रव असतो, मग तो २.५ मिलीग्रामचा असो की ५ चा, औषध कमीजास्त, द्रव तेवढाच. आपल्याकडे इन्सुलिनच्या सिरिंजही दोन जातीच्या मिळतात, लाल टोपणाची चाळीसची (एका मिलीला ४० युनिट) आणि नारिंगी टोपणाची शंभरची (एका मिलीला १०० युनिट). तोच अर्धा मिली शंभरच्या सिरिंजमध्ये ५० च्या आकड्यावर येतो आणि चाळीसच्या सिरिंजमध्ये २० च्या. घरात आजोबांच्या इन्सुलिनची सिरिंज पडलेली असते, मैत्रिणीने सांगितलेलं असतं "इतक्या रेषा घे", आणि झाला घोळ. अमेरिकेत तिथल्या औषध नियामकाने, एफडीएने, २०२४ मध्ये इशारा दिला होता की व्हायलमधून स्वतः काढून घेणाऱ्या काही जणांनी ठरलेल्या डोसच्या पाचपासून वीसपट औषध टोचून घेतलं आणि हॉस्पिटलात पोचले. तेव्हा मेडिकलवाल्याकडून सिरिंजवर पेनाने खूण करून घ्या, लाज वाटायचं काही कारण नाही. एकदाच वापरायची व्हायल दोघांत वाटून घेणं, उरलेली फ्रिजमध्ये ठेवून पुढच्या आठवड्याला वापरणं, हे पण चालतं घरोघरी, ते बंद करा, त्यात जंतू मरावेत म्हणून घालतात ते प्रिझर्व्हेटिव्ह नसतं. पेन वाटून घेणं तर सुई बदलली तरी नाही.

ठेवायचं २ ते ८ डिग्रीत, फ्रिजच्या मधल्या कप्प्यात. बर्फाच्या कप्प्यात नाही, एकदा गोठलं की फेकायचं, वितळवून वापरायचं नाही. मौंजारोची व्हायल फ्रिजबाहेर ३० डिग्रीच्या आत २१ दिवस चालते, बाकी ब्रँडचं त्यांच्या पत्रकात बघा. पण ३० डिग्री म्हणजे काय, अकोल्याला एप्रिलमध्ये दिवसा ३० डिग्री कुठली मिळायला. प्रवासात बर्फाच्या पिशवीला रुमाल गुंडाळून मग त्यावर औषध, गाडीच्या डिकीत कधीच नाही. आणि बिल घ्याच. बिल नाही, पेटी नाही, बॅच नंबर खरवडलेला, नेहमीच्या निम्म्या किमतीत, तर समजून जा. डब्ल्यूएचओने जून २०२४ मध्ये ब्राझील, ब्रिटन आणि अमेरिकेत सापडलेल्या बनावट ओझेम्पिकबद्दल जगाला सावध केलं होतं, तिथे होतं तर आपल्याकडे नाही होणार असं मानायचं कारण नाही.

आणि ज्या साइड इफेक्टबद्दल एकही फोन येत नाही तो म्हणजे स्नायू झिजणं. दुखत नाही, खुपत नाही, उलट काटा खाली जातोय म्हणून आनंदच असतो. चाचण्यांमध्ये उतरलेल्या वजनापैकी साधारण पाव भाग ते ४० टक्क्यांपर्यंत भाग चरबी सोडून इतर गोष्टींचा होता, त्यात पाणीही आलं, पण स्नायू मोठ्या प्रमाणात. आपल्या लोकांना हे जास्त महागात पडतं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन यांनी २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा एकत्र फोटो छापला होता, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) अगदी सारखा, २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. दिसायला बारीक, आत चरबी जास्त आणि स्नायू कमी, ही आपली ठेवण. आधीच गंगाजळी कमी, त्यातून स्नायू गेले तर वजन परत चढताना चढते चरबी, स्नायू आपोआप परत येत नाहीत. साठीच्या पुढच्या माणसाला तर हे पडण्यात आणि खुब्याच्या फ्रॅक्चरमध्ये दिसतं.

उपाय दोन, प्रोटीन आणि जोर लावायचा व्यायाम. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेचं प्रोटीनचं रोजचं प्रमाण किलोमागे ०.८३ ग्राम आहे, वजन उतरवताना आहारतज्ज्ञ बऱ्याचदा १ ते १.२ सांगतात, म्हणजे सत्तर किलोच्या माणसाला सत्तर-ऐंशी ग्राम (किडनीचा आजार असेल तर मात्र डॉक्टर सांगतील तेवढंच). आपलं ताट बघा, पोहे, दोन पोळ्या, बटाट्याची भाजी, पातळ आमटी, यात कसंबसं वीस-पंचवीस होतं, आणि आता तर त्यातलंही निम्मंच जातंय पोटात. म्हणून क्रम बदलायचा, आधी प्रोटीन, मग भाजी, पोळी-भात जागा उरली तर. दोन अंडी म्हणजे बारा ग्राम, घट्ट वरणाची वाटी सहा-सात, शंभर ग्राम पनीर अठराच्या आसपास, सोयाबीनच्या वड्या कोरड्या तीस ग्राम घेतल्या तर पंधरा, ग्लासभर दूध आठ. शाकाहारी घरात सोया वड्या सगळ्यात स्वस्त पडतात, नाक मुरडू नका. चालणं चांगलंच आहे पण चालण्याने स्नायू टिकत नाहीत, आठवड्यातून दोन-तीनदा वजन उचलणं, उठाबशा, भिंतीला टेकून जोर, काहीतरी हवं. केस गळतात ते पण याच कुपोषणातून आणि झपाट्याने वजन उतरण्यातून, दोन-तीन महिन्यांनी सुरू होतं आणि वजन स्थिरावलं, खाणं सुधारलं की बहुतेकांचं थांबतं, त्यासाठी महागडी सीरम घ्यायची घाई नको.

शेवटी बंद करण्याचं. स्टेप-१ मधल्या ज्यांनी औषध थांबवलं त्यांचं उतरलेल्यापैकी दोन तृतीयांश वजन वर्षभरात परत आलं. त्यामुळे "तीन महिन्यांचा कोर्स" असं कोणी विकत असेल तर तो तुम्हाला दर वर्षीचा गिऱ्हाईक करतोय. सुरू करतानाच डॉक्टरला विचारा की किती दिवस, परवडणार किती दिवस, आणि थांबवायचं झालं तर कसं. मध्येच गावाला गेलात, पैसे कमी पडले, दोन-तीन आठवडे सुटले, तर परत आल्यावर जुन्याच मोठ्या डोसवर उडी मारू नका, पोटाची सवय तोवर मोडलेली असते, डॉक्टर बहुतेकदा खालच्या पायरीवरून परत चढवतात. एखादाच डोस चुकला असेल तर मौंजारोला चार दिवसांच्या आत आठवलं तर घ्या, त्यापुढे गेलं तर तो सोडून पुढच्या ठरल्या वारी, दोन एकदम कधीच नाही.